मदत हवी आहे : हवाई बेटांवरील ‘इइवी’ पक्ष्याच्या उतरण्या-चढण्याविषयी

नमस्कार. हवाई बेटांवरील मूळच्या पक्ष्यांचा अभ्यास करताना एका मुद्द्यावर अडले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शेंदरी अंगाचा, बाकदार चोचीचा इइवी हा ‘ओहिआ’ वृक्षाच्या फुलांतला मध पितो आणि जिथे फुलोरा येईल त्या उतारावर दूरवर उडत जातो. मात्र १८२६ च्या सुमारास जहाजातल्या पाण्याबरोबर या बेटांवर डास पोहोचले, पुढे त्यांच्यामार्फत पक्ष्यांचा मलेरिया पसरला, आणि या रोगाशी कधीच गाठ न पडलेले बहुतेक मूळ वनपक्षी आता डोंगरमाथ्याकडच्या थंड जंगलांतच तग धरून आहेत. खालच्या उतारावर ओहिआ बहरला की इइवी तिकडे उतरतो का? उतरलाच, तर हे डास मुख्यतः रात्री चावत असल्याने, तो अंधारापूर्वी वर परततो की तिथेच मुक्काम करतो? प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेले उत्तर मिळाल्यास फार उपयोग होईल.

याच जंगलांत सुतारपक्ष्याची जागा घेणारा ‘अकिआपोलाआउ’ राहतो. तो आखूड, सरळ खालच्या चोचीने फांदी ठोकतो आणि लांब, वाकड्या वरच्या चोचीने अळी ओढून काढतो. असे पक्षी डासांपायी जावेत, हे मनाला लागते. म्हणून आणखी एक विचारते : माउई बेटावर २०२३ पासून ‘वोल्बाकिया’ जिवाणू असलेले नर डास सोडले जात आहेत, जेणेकरून माद्यांची अंडी उबू नयेत, हा उपाय टिकण्यासाठी तो कायम चालू ठेवावा लागतो का?