भोपळ्याची कोवळी फळं गळतायत? आधी कापून बघा
लिंबाएवढी फळं पिवळी पडून गळतायत म्हणताय, तर लगेच फवारणी नको, आधी गळलेलं एक फळ कापून बघा. आत पांढऱ्या अळ्या आणि सालीवर टोचल्याची खूण, तिथून डिंक आलेला असेल तर ती फळमाशी, आणि आत काहीच नसेल तर बहुतेक परागीभवनच झालेलं नाही, मग लाल भोपळा असेल तर सकाळी लवकर, दुधी असेल तर संध्याकाळी नरफूल तोडून मादीफुलावर (ज्याच्या मागे छोटं फळ दिसतं ते) फिरवा. माशीसाठी क्यू ल्यूरचा, म्हणजे नर माश्यांना ओढणाऱ्या गंधाचा सापळा लावा, पण त्यात फक्त नर अडकतात म्हणून फळ धरलं की कागदी पिशवी बांधाच!! किडकी फळं कंपोस्टात अजिबात टाकू नका, अळ्या मातीत कोष करतात. पानांना भोकं पाडणारे तांबडे भुंगेरे वेगळे, ते सकाळी सुस्त असतात तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाका, रोप दोन पानांवर असताना तर रोज बघा, तेव्हाच ते अख्खं रोप संपवतात.