मामा तलावातील मरळीसाठी घरी ल्युअर कसा घडवावा? डोंग्यातून मासेमारी करण्याबाबतही मार्गदर्शन हवे

झाडीपट्टी_वाचक

सर्वांना नमस्कार. मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका गावात राहतो. आमच्या गावाला लागून जुना मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव) असून त्यात मच्छीमार संस्थेने सोडलेल्या रोहू, कतला आणि मृगळ यांच्याबरोबर मूळची मरळही टिकून आहे. गांडूळ लावून गरी टाकण्याची सवय मला लहानपणापासून आहे. परंतु आता कृत्रिम आमिष, म्हणजे ल्युअर, स्वतः घडवून त्यावर मरळ पकडावी, अशी मनापासून इच्छा आहे. दुकानातले ल्युअर नागपूरहून मागवता येतात, हे मला ठाऊक आहे. पण आपण कोरलेल्या लाकडाच्या तुकड्याला खरे भक्ष्य समजून मासा त्यावर धावून येतो, यातला आनंद विकत मिळणारा नाही.

माझ्या अडचणी अशा आहेत. सागाच्या तुकड्यातून कोरलेला सात-आठ सेंटिमीटरचा ल्युअर पाण्यात कुशीवर पडतो आणि ओढू लागताच सरळ येण्याऐवजी स्वतःभोवती गरगर फिरतो. तलावाच्या कडेला कमळ, शेवाळ आणि बेशरमाच्या फांद्या इतक्या दाट आहेत की उघडे गळ लावलेले काहीही दोन हातांच्या पुढे सरकत नाही. शिवाय ओळखीच्या एका ढिवर (मासेमारी करणाऱ्या समाजातील) कुटुंबाने त्यांचा डोंगा, म्हणजे लहान अरुंद लाकडी नाव, वापरू देण्याचे मान्य केले आहे. परंतु डोंग्यात बसून ल्युअर फेकणे हे काठावर उभे राहून फेकण्यापेक्षा निश्चितच वेगळे असणार. अनुभवी मंडळींनी या तिन्ही बाबींवर सविस्तर लिहावे, ही विनंती.

गरी_आणि_तंगूस

नमस्कार भाऊ. प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी की ल्युअर हा केवळ शिकारी माशांसाठी असतो. कतला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू व मृगळ वनस्पती आणि तळातील कुजका पाला यांवर जगतात, त्यामुळे त्यांच्यासाठी कणीक, पेंड किंवा कोंड्याचा गोळाच योग्य. ल्युअरवर धावणारे आपल्याकडचे मासे म्हणजे तलावातली मरळ आणि नदी किंवा मोठ्या जलाशयातले शिंगाडा व पढीन. त्यांतही मामा तलावासारख्या उथळ, वनस्पतींनी भरलेल्या पाण्यासाठी मरळीइतका अनुरूप मासा दुसरा नाही, कारण ती दाट पाल्याखाली दबा धरून बसते आणि पृष्ठभागावर हालणाऱ्या बेडकावर किंवा लहान माशावर एका झेपेत तुटून पडते.

म्हणून माझे मत असे की आपण लाकडी ल्युअरने सुरुवात न करता बेडकाने करावी. आपल्या दुसऱ्या अडचणीचे उत्तरही त्यातच आहे. जुन्या हवाई चपलेचा तळवा यासाठी उत्तम, कारण तो हलका असतो, पाणी शोषत नाही आणि धारदार पात्याने सहज कापला जातो. तळव्याचे दोन तुकडे एकमेकांवर चिकटवून पाच-सहा सेंटिमीटर लांबीचा, पुढे निमुळता व मागे रुंद असा आकार कापावा आणि पॉलिश कागदाने घासून घ्यावा. पोटाच्या बाजूने मधोमध खाच पाडून तीत दुहेरी गळाची दांडी बसवावी. गळाची दोन्ही टोके मात्र शेपटीकडून वर वळून पाठीला बिलगून राहिली पाहिजेत. टोके वरच्या दिशेला आणि पाठीच्या आडोशाला राहिल्यामुळे हा बेडूक कमळाच्या पानावरून न अडकता सरपटतो. दुकानातला पोकळ बेडूक माशाच्या जबड्यात दबतो आणि त्याचे गळ उघडे पडतात, परंतु चपलेचा रबर तितका दबत नाही. त्यामुळे टोके पाठीच्या रेषेपेक्षा अगदी केसभर वर ठेवावीत. मागच्या पायांसाठी सायकलच्या ट्यूबच्या बारीक पट्ट्या पुरेशा आहेत. शेपटीकडच्या खाचेत एक लहान पितळी नट बसवल्यास बेडूक लांब फेकला जातो आणि पाण्यात बसताना त्याचे तोंड आपोआप वर राहते.

फेकताना तो मोकळ्या पाण्यात न टाकता पानांच्या पलीकडे टाकावा, पानावर क्षणभर थांबवावा, हळूच पाण्यात घसरू द्यावा आणि पुन्हा थांबवावा. मरळ बहुधा या थांब्यातच धाव घेते. पाणी उसळलेले दिसताच झटका देण्याचा मोह प्रत्येकाला होतो, पण तो आवरावा. मरळ आमिष तोंडात धरून वळते आणि दोरीवर तिचा भार जाणवू लागतो, तेव्हाच छडी जोरात उचलावी. दोरी विणलेली, ३० ते ४० पौंडांची असावी. मासा तितका जड असतो म्हणून नव्हे, तर गळ लागताच तो शेवाळात शिरतो आणि शेवाळासकट ओढून आणावा लागतो म्हणून.

मरळ हवेतला प्राणवायू घेणारा मासा आहे. कल्ल्यांवरच्या पोकळीत असलेल्या श्वसनेंद्रियामुळे तिला ठरावीक वेळाने वर यावेच लागते. पहाटे वारा पडलेला असताना तलावाकडे शांतपणे पाहत बसल्यास ती कुठे वर येते, हे दिसते आणि बेडूक नेमका तिथेच फेकता येतो.

शेवटी एक कळकळीची विनंती. पावसाळ्यात मरळीची पिल्ले तांबूस-नारिंगी थव्याने पृष्ठभागाजवळ फिरतात आणि नर-मादी दोघेही त्यांच्याखाली राखण करतात. अशा वेळी थव्यावर ल्युअर टाकला तर राखण करणारा मासा भुकेने नव्हे, तर पिल्लांच्या रक्षणासाठी त्यावर तुटून पडतो, म्हणून तो पकडणे फार सोपे असते. हे काही जण कौशल्य समजतात. परंतु आईबाप गेले की तो संपूर्ण थवा इतर माशांच्या तोंडी जातो. तांबूस थवा दिसला की तिथून दूर व्हावे.

रंधा_आणि_पटाशी

बेडकाचा सल्ला योग्यच आहे. तरीही लाकडी ल्युअर सोडून देऊ नये. आपला ल्युअर कुशीवर का पडतो, याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण लाकूड. साग टिकाऊ असला तरी या कामासाठी जड आहे. तो तरंगतो, पण पाण्यात बराच बुडून राहतो आणि पोटाशी वजन घालायला जागाच उरत नाही. आपल्या भागात काटेसावर आणि पांगारा सहज मिळतात आणि दोन्हींचे लाकूड सागापेक्षा पुष्कळ हलके असते. वाळलेली फांदी घ्यावी. ओल्या लाकडात कोरलेला ल्युअर वाळताना चिरतो आणि त्याचा तोलही बदलतो.

दुसरे आणि मुख्य कारण वजनाची जागा. ल्युअर सरळ उभा राहायचा असेल, तर त्याचा गुरुत्वमध्य शरीराच्या मध्यरेषेच्या खाली, पोटाशी असला पाहिजे. त्यासाठी पोटाच्या बाजूने लांबीभर करवतीची खाच पाडावी आणि तीत सुमारे एक मिलिमीटर जाडीची स्टेनलेस स्टीलची तार अशी बसवावी की नाकाशी, पोटाशी आणि शेपटीशी एकेक कडी बाहेर राहील. तार सलग असल्यामुळे लाकूड फुटले तरी मासा सुटत नाही. पोटाच्या कडीच्या किंचित पुढे छिद्र पाडून त्यात पितळेचे तुकडे भरावेत. शिसे वितळवून ओतण्याची पद्धत सर्वत्र सांगितली जाते, पण मी ती टाळतो, कारण शिशाची वाफ घरातल्या मुलांना घातक असते आणि तुटून तळाशी राहिलेले शिसे पाणपक्ष्यांच्या पोटात जाऊन त्यांना विषबाधा होते. आपल्या गोंदिया जिल्ह्यातील धानाच्या बांध्या आणि तलाव हे महाराष्ट्रात उरलेल्या सारस पक्ष्यांचे प्रमुख आश्रयस्थान आहे, तेव्हा ही काळजी इथे अधिकच घेतली पाहिजे. तुटलेला तंगूसही (गळाची नायलॉन दोरी) त्यांच्या पायांत अडकतो, म्हणून तो गोळा करून घरी आणावा.

रंग देण्याआधी चाचणी घ्यावी. अनेक जण हीच पायरी वगळतात आणि सुंदर रंगवलेला, पण निरुपयोगी ल्युअर हाती येतो. गळ कड्यांना लटकवून, वजनाचे तुकडे रबराने पोटाशी तात्पुरते बांधून ल्युअर बादलीत सोडावा. तो पाठ वर ठेवून स्थिर तरंगला आणि बोटाने कलंडवल्यावर झटकन सावरला, म्हणजे वजनाची जागा बरोबर आहे.

नाकाखाली बसवायच्या ओठासाठी, म्हणजे ओढताना ल्युअरला डुलवणाऱ्या पातळ चकतीसाठी, जुनी सीडी वापरावी. ती १.२ मिलिमीटर जाड पॉलिकार्बोनेटची असते, म्हणजे पारदर्शक आणि चिवट. वरचा चकचकीत थर चिकटपट्टीने ओढून काढता येतो. ओठ जितका उभा, तितका ल्युअर वरच्या थरात राहून रुंद डुलतो. ओठ शरीराच्या रेषेत पुढे आला की तो खोल जातो. आपला तलाव उथळ असल्याने ओठ उभा ठेवावा. तो मध्यरेषेला अचूक काटकोनात बसला नाही, तर उत्तम तोल असलेला ल्युअरही एका बाजूला पळतो. असे झाल्यास तो ज्या बाजूला पळतो, तिच्या उलट दिशेला नाकाची कडी पकडीने अगदी किंचित वाकवावी आणि पुन्हा ओढून पाहावे.

रंगाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पावसानंतरच्या गढूळ पाण्यात गडद रंग उठून दिसतो, हिवाळ्यातल्या नितळ पाण्यात हिरवट पाठ व फिकट पोट पुरते.

झाडीपट्टी_वाचक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सागाचा ल्युअर बाजूला ठेवून सावरीची वाळलेली फांदी शोधतो. एक उपप्रश्न आहे. आमच्या भागात पळसावर आणि कुसुमावर लाखेचे उत्पादन होते. लाकडाला पाणी लागू नये म्हणून या लाखेचा उपयोग करता येईल का? डोंग्याविषयीच्या उत्तराचीही वाट पाहतो.

वैनगंगेचा_ढिवर

डोंग्याविषयी मी लिहितो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या डोंगाच चालत आला आहे.

सर्वांत आधी परवानगी. डोंगा देणाऱ्या कुटुंबाची संमती पुरेशी नाही. तलाव ज्या संस्थेकडे ठेक्याने आहे, तिच्या पदाधिकाऱ्यांना भेटून विचारावे. संस्थेचे सभासद स्वतःच्या पैशाने बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्ले) आणून तलावात सोडतात आणि त्यावर वर्षभराचा संसार चालवतात, त्यामुळे छंदासाठी येणाऱ्याने किती मासे नेणार आणि कोणते सोडून देणार, हे आधीच बोलून घेतलेले बरे. बाजारात मरळीला चांगला भाव असल्याने ती संस्थेलाही हवी असते. राष्ट्रीय उद्यान व व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतील पाण्याचा मात्र विचारही करू नये. पेंचमधील तोतलाडोह जलाशयात मासेमारीला बंदी आहे.

डोंग्याचा तळ गोल आणि रुंदी कमी असते, म्हणून तो पाण्यावर चपळ चालतो आणि त्याच कारणाने चटकन कलतो. चढताना दोन्ही काठ हातांनी धरून पाय मधोमध ठेवावा. बसताना पाटीवर उंच न बसता तळाशी, गुडघे काठांना टेकवून बसावे. उभे राहून ल्युअर फेकणे हे आम्ही जाळे फेकतो म्हणून सोपे वाटते, पण त्यामागे लहानपणापासूनचा सराव असतो. नव्या माणसाने बसूनच फेकावे. दोघे जण असतील तर दोन टोकांना बसावे आणि एक फेकत असताना दुसऱ्याने वल्हे धरून डोंगा स्थिर ठेवावा. छडी डोक्यावरून, डोंग्याच्या लांबीच्या दिशेने फिरवावी. आडवी फिरवल्यास मागे गेलेला गळ साथीदाराच्या चेहऱ्याला लागू शकतो. वापरात नसलेले ल्युअर झाकणाच्या डब्यात ठेवावेत, पायाशी मोकळे पडू देऊ नयेत.

आवाजाबद्दल नवखे लोक फार बेफिकीर असतात. बोलण्याने मासा फारसा बुजत नाही. डोंग्याच्या लाकडावर वल्हे आपटले की बुजतो, कारण तो ठोका थेट पाण्यात उतरतो आणि पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो. म्हणून उथळ पाण्यात वल्हे न मारता बांबूने तळाला रेटत जावे. कमळाच्या पट्ट्यापासून फेकीच्या अंतरावर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबून डोंगा वाऱ्याबरोबर हळूहळू वाहू द्यावा, म्हणजे वल्ह्याला हात न लावता संपूर्ण पट्टा पालथा घालता येतो. थांबायचे असल्यास दगडाचा लंगर टोकाला बांधावा, मधल्या काठाला कधीही नव्हे. वारा वाढल्यास मध्ये बांधलेला दोर डोंगा कलवून पाणी आत घेतो.

एप्रिल-मे महिन्यांत तलाव आटल्यामुळे मरळ थोड्या पाण्यात एकवटते आणि मासेमारी रंगते, परंतु त्याच दिवसांत दुपारनंतर वादळी वारे व विजा अचानक येतात. आकाश पश्चिमेला काळवंडले की मासा गळाला असला तरी काठ गाठावा. पोहता येणाऱ्यानेही लाइफ जॅकेट अंगात घालावे, ते डोंग्यात नुसते ठेवून उपयोग नाही. गोसेखुर्दसारख्या मोठ्या जलाशयात लहान डोंगा नेण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण तिथे पाण्याखाली गेलेल्या झाडांचे खुंट दिसत नाहीत आणि वाऱ्याने लाटाही मोठ्या उठतात. मामा तलाव शिकण्यासाठी उत्तम आहे.

संस्थेची जाळी पाण्यात असतील तर त्यांचे तरंगते ठोकळे ओळखून घ्यावेत आणि ल्युअर त्यांच्यावरून ओढू नये. तिहेरी गळ जाळ्यात अडकला की ते फाडूनच सोडवावे लागते.

रंधा_आणि_पटाशी

लाखेविषयी: होय, पण केवळ आतल्या थरासाठी. चपडा लाख (शुद्ध करून पातळ पापुद्र्यांच्या रूपात मिळणारी लाख) स्पिरिटमध्ये विरघळवून रात्रभर स्थिर ठेवावी. तिच्यातले मेण तळाशी बसते आणि वरचा निवळ भाग तेवढा वापरावा. पातळ दोन-तीन थर दिल्यास लाकडाची छिद्रे बुजतात आणि रंग सारखा बसतो. लाख फार काळ पाण्यात राहिली की पांढुरकी पडून सुटू लागते, म्हणून रंग वाळल्यानंतर वरून दोन भाग मिसळून वापरायच्या इपॉक्सीचा थर आवश्यक आहे. इपॉक्सी घट्ट होईपर्यंत ल्युअर हळूहळू फिरवत राहावा, अन्यथा ती पोटाशी ओघळून साचते आणि बादलीत जुळवलेला तोल बिघडतो. स्पिरिट लवकर पेट घेते, तेव्हा हे काम चुलीपासून दूर, अंगणात करावे. इपॉक्सी वाळल्यावर गळ लावून बादलीतली चाचणी पुन्हा एकदा घ्यावी, कारण रंग आणि इपॉक्सी यांचेही वजन असते.