चार्जरसाठी पॉवर सप्लाय: १२ व्होल्ट ३० अँपियर घेऊ की २४ व्होल्ट १५?

कास_ग्लायडर

नमस्कार मंडळी, साताऱ्याहून लिहितोय. मी आणि माझी लेक (आठवीत आहे) दोन वर्षं फोमची विमानं उडवतोय. ३एस २२०० चे (तीन सेलचे, २२०० एमएएच) सहा लिथियम बॅटरी पॅक आणि तो सगळ्यांकडे असतो तो निळा बी-६ जातीचा ५० वॅटचा चार्जर, एवढ्यावर आजवर भागलं. चार्जर गाडीच्या बॅटरीला लावायचो. गेल्या रविवारी सहाही पॅक भरून झाले आणि गाडी सुरूच होईना. चौघांनी ढकलली. बायकोने तिथेच बजावलं की यापुढे गाडीच्या बॉनेटला हात लावायचा नाही.

आता मोठं ग्लायडर घेतलंय, त्याला ६एस ५००० चे दोन पॅक. दोन्ही एकदम भरणारा ३०० वॅटचा चार्जर मागवलाय, त्यावर इनपुट १० ते ३० व्होल्ट डीसी लिहिलंय. घरात जुन्या कॉम्प्युटरचा ४५० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) पडून आहे आणि लॅपटॉपचा १९.५ व्होल्टचा अडॅप्टर. सीसीटीव्हीवाला १२ व्होल्ट ३० अँपियरची जाळीची पेटी बाराशेला देतो म्हणतो. काय घेऊ? आणि ३० अँपियर लावल्यावर जुना चार्जर पटापट भरेल की जळेल?

जुनी_सोल्डर

दोन्ही नाही. टाकी मोठी बसवली म्हणून नळाची तोटी रुंद होत नाही. चार्जर लागेल तेवढाच करंट ओढतो. जाळतो तो व्होल्टेज, अँपियर नव्हे. म्हणून तो लॅपटॉपचा अडॅप्टर आधी कपाटात टाका. जुन्या बी-६ च्या पाठीवर ११ ते १८ व्होल्ट छापलेलं असतं. मी एकदा "दीड व्होल्टने काय होतंय" म्हणून १९.५ लावला होता. फट् आवाज आला आणि खोलीभर तो ओळखीचा वास.

आता हिशेब पॅककडून सुरू करा. ६एस पूर्ण भरल्यावर २५.२ व्होल्ट. १सी, म्हणजे तासाभरात पॅक भरेल एवढा करंट, इथे ५ अँपियर. झाले १२६ वॅट. दोन पॅक, २५२. चार्जर स्वतः थोडं खातो, ८५ टक्के पकडा, म्हणजे सप्लायकडून साधारण ३०० वॅट. १२ व्होल्टवर हे २५ अँपियर होतात, २४ वर साडेबारा. निम्म्या करंटमध्ये तेच काम. वायर कमी तापते, कनेक्टर कमी तापतो. शिवाय बरेच चार्जर १२ व्होल्टवर पूर्ण वॅट देतच नाहीत, कारण इनपुट करंटला मर्यादा असते. तुमच्या नव्या चार्जरला ३० पर्यंत चालतंय, तर डोळे मिटून २४ व्होल्ट १५ अँपियर घ्या, ३६० वॅटचा.

एक धोका मात्र आहे. जुना आणि नवा, दोघांच्या इनपुटला तुम्ही एक्सटी-६० कनेक्टरच लावणार. रविवारी सकाळी घाईत जुना चार्जर २४ ला जोडला जाणार, हे मी आजच लिहून देतो. २४ च्या वायरीला दुसऱ्या जातीचा कनेक्टर लावा, म्हणजे चुकून बसणारच नाही. लाल टेपने खूण वगैरे करू नका, घाईत टेप कोण वाचतो?

कॉम्प्युटरचा एसएमपीएस जुन्या चार्जरला पुरून उरेल, त्याला जेमतेम ५ अँपियर लागतात. हिरवी वायर काळीला जोडली की सुरू होतो, १२ व्होल्ट पिवळीवर. जुना असेल तर ५ व्होल्टच्या लाल वायरीवर थोडा लोड लागतो, नाहीतर पिवळी १२ च्या खाली बसते आणि चार्जर "इनपुट कमी" म्हणून रडतो. १० ओहम १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर लाल-काळीत टाका. तो तापतो, प्लास्टिकला टेकवू नका.

बुधवारातला_भंगारवाला

काका, सर्व्हरचा सप्लाय विसरलात! एचपीचा डीपीएस-१२००एफबी बघा, २३० व्होल्टवर १२ व्होल्टला १०० अँपियर देतो. भंगारात कवडीमोलाने मिळतो. दोन सिरीजमध्ये लावले की २४. दादा, पुण्याला आलात तर तपकीर गल्लीत चक्कर मारा.

जुनी_सोल्डर

@बुधवारातला_भंगारवाला, अर्धंच सांगितलंस. त्या सप्लायचा डीसी निगेटिव्ह पेटीला आणि पेटी अर्थला जोडलेली असते. दोन तसेच सिरीजमध्ये लावले की वरच्याचा निगेटिव्ह अर्थमधून थेट खालच्याला शॉर्ट होतो. मग पोरं काय करतात, तीन पिनच्या प्लगमधली अर्थ तोडतात. अर्थ तोडायची नाही, कधीच नाही. आतून डीसी वेगळा करावा लागतो आणि ते साताऱ्यातल्या बापलेकीचं पहिलं काम नव्हे. शिवाय पंखा असा ओरडतो की शेजारी विचारायला येतात.

म्हापसा_क्वाड

आमच्याकडे पावसात वीज गेली की मी इन्व्हर्टरच्या बॅटरीवर भरते. १२ व्होल्ट १५० एएच (अँपियर-अवर) म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर, अर्धीच वापरायची ठरवली तर ९००. तुमचा एक पॅक तोट्यासकट १३० खाईल, म्हणजे सहा पॅक आरामात. गाडीच्या बॅटरीपेक्षा हे बरं, ती स्टार्टरसाठी असते, खोल रिकामी केलेली तिला सोसत नाही. बॅटरीच्या प्लसजवळ ३० अँपियरचा फ्यूज हवाच. आणि आधी मीटर लावून बघा, काही घरांत दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे २४ असतात. तिथे जुना चार्जर लावलात तर काकांचा वास तुमच्याही घरात.

कास_ग्लायडर

सगळ्यांचे आभार. २४ व्होल्ट १५ अँपियर आणायचं ठरलं. लेबलवरचे १५ खरे आहेत हे कसं ओळखायचं? आणि वायर कोणती?

जुनी_सोल्डर

गॅरेजमधून गाडीचे एच-४ बल्ब आणा, ६०/५५ वॅटचे. दोन्ही फिलामेंट पेटवले की एक बल्ब ११५ वॅट. १२ व्होल्टचे आहेत, म्हणून दोन सिरीजमध्ये जोडा, ही एक जोडी झाली, २४ वर साधारण साडेनऊ अँपियर. दुसऱ्या जोडीचा एकच फिलामेंट पेटवा, एकूण चौदाच्या आसपास. जोड्या एकेक करून लावा, थंड बल्ब सुरुवातीला खूप ओढतो आणि सप्लाय घाबरून बंद पडतो. अर्धा तास ठेवा, मीटरवर २४ च्या आसपास टिकला तर घ्या. काच हाताला लावू नका, भाजेल.

वायर ४ स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड तांब्याची. टोकाला सोल्डर भरून स्क्रूखाली दाबू नका, महिन्याभरात सैल होतं. थिंबल (वायरच्या टोकाला बसवायचं धातूचं टोक) क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा. २३० चे स्क्रू उघडे असतात, त्यावर झाकण हवंच, घरात मूल आहे. आणि प्लग लावण्याआधी बाजूच्या जाळीतून टॉर्च मारा, ११५/२३० चं छोटं बटण असतं, ते २३० वर हवं.

कास_ग्लायडर

काका, आणला. टॉर्च मारला, बटण ११५ वर होतं. स्क्रूड्रायव्हरने सरकवलं आणि मगच प्लग लावला. हात जरा थरथरत होता. बल्बांवर अर्धा तास २३.८ धरला. दोन्ही ६एस एकदम भरतायत. कॉम्प्युटरचा एसएमपीएस जुन्या चार्जरला दिला. फक्त नव्या पेटीचा पंखा फिरत नाहीये, लेक म्हणते परत करूया.

जुनी_सोल्डर

बऱ्याच पेट्यांत तो गरम झाल्यावरच फिरतो. बल्बांच्या वेळी फिरला होता का, ते तिला विचारा.

कास_ग्लायडर

फिरला होता म्हणते. मी बल्बांकडेच बघत होतो.