मदत हवी आहे: 'जाणवणारं तापमान' ट्रॅक्टरला आणि पाइपलाइनलाही लागतं का?

वाडीवरचा_राजू (ता. जिंतूर, जि. परभणी)

नमस्कार मंडळी. आमच्याकडं थंडीनं कहर केलाय. मोबाइलवर पहाटे तापमान ८ अंश दिसतंय आणि खाली बारीक अक्षरांत 'जाणवतं ५'. रात्रभर उत्तरेकडून वारा. आमचे तात्या तो ५ चा आकडा धरून बसलेत. म्हणायलेत, ट्रॅक्टर झाक, रेडिएटरचं पाणी काढ, वारा अजून वाढला की आकडा शून्यावर जाईल अन् ड्रिपचा मेन पाइप फुटेल. २०१८ च्या डिसेंबरात परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा २ वर आला होता, ते त्यांच्या डोक्यातून जात नाही.

अडचण अशी की ताडपत्री एकच आहे. शेडमध्ये उस्मानाबादी शेळ्या आहेत, काही आज-उद्या व्यायच्या बेतात. शेडला पाठीमागची भिंत सोडली तर सगळं उघडं. ताडपत्री शेडला बांधू का ट्रॅक्टरवर टाकू? शिवाय हरभरा फुलात आहे. त्याला ५ धरायचं का ८? जाणकारांनी कृपया सांगावं. तात्यांना पटेल असं सांगा, नुसतं 'काही होत नाही' चालणार नाही.

मास्तर_अंबाजोगाई

ताडपत्री शेडला. ट्रॅक्टरला ८ च लागतो.

वारा थंडी आणत नसतो, तो ऊब पळवतो. आपल्या अंगाला लागून गरम हवेचा एक पातळ थर असतो, वारा तो सारखा पुसून काढतो. अंग ३७ अंश टिकवायला पुन्हा ऊब तयार करतं, वारा पुन्हा नेतो. ही उधळपट्टी थांबत नाही, म्हणून ८ चे ५ वाटतात. ट्रॅक्टर ऊब तयार करत नाही. संध्याकाळी नांगरटीवरून आला तेव्हा इंजिन तापलेलं होतं, वाऱ्यानं ते लवकर निवलं, एवढाच फरक. एकदा ८ वर आलं की वाऱ्याला न्यायला काही उरत नाही. तात्यांना बशीतल्या चहावर फुंकर मारायला सांगा. चहा लवकर गार होतो, पण कितीही फुंकलं तरी खोलीतल्या हवेपेक्षा फार गार होत नाही, बर्फ तर नाहीच.

आता आकड्याचं. हे गणित अंटार्क्टिकातून आलं. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं प्लॅस्टिकच्या नळकांड्यातलं पाणी वाऱ्यात किती वेळात गोठतं ते मोजलं. २००१ मध्ये अमेरिका-कॅनडानं नवं सूत्र घेतलं, ते माणसाच्या चेहऱ्यावर बेतलेलं आहे. हवा १० अंश किंवा त्याखाली असेल तेव्हाच ते वापरायचं. ८ अंश आणि ताशी २० किलोमीटर वारा धरला की उत्तर ५ च्या जवळ येतं, म्हणजे तुमचा मोबाइल बरोबर आहे. पण त्याच ८ अंशांत उत्तर शून्य यायला ताशी १४० किलोमीटरचा वारा लागेल! त्यात पाइप फुटायच्या आधी शेड उडून जाईल, आणि पाइपातलं पाणी तरीही ८ अंशांच्या आसपासच राहील.

खडूस_वाचक

मास्तर, एक शंका. ट्रॅक्टरसारखी कोरडी वस्तू हवेपेक्षा गार होत नाही म्हणता, मग पहाटे पत्र्यावर अन् मोटारसायकलच्या सीटवर दव कुठून येतं? हवेपेक्षा गार झाल्याशिवाय दव धरेल का?

मास्तर_अंबाजोगाई

बरोबर पकडलंत. ती करणी वाऱ्याची नाही, मोकळ्या आभाळाची. निरभ्र रात्री पत्रा, पानं, माती आपली उष्णता आभाळाकडं फेकत राहतात आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा काही अंश खाली जातात. मात्र त्यासाठी वारा पडलेला लागतो. वारा असला की वरची उबदार हवा खाली ढवळली जाते आणि पत्रा हवेच्या बरोबरीला येतो. म्हणून जोराच्या वाऱ्याच्या रात्री दव कमी.

दुसरा अपवाद ओल्या वस्तूंचा. पाणी वाळताना ऊब घेऊन जातं. माठ उन्हाळ्यात त्यामुळंच हवेपेक्षा गार होतो. ओलं गोणपाट, ओलं पान, ओलं अंग यांना वारा खरंच हवेच्या खाली नेऊ शकतो, त्यालाही मर्यादा आहे. हवा जेवढी कोरडी तेवढं जास्त.

द्राक्षवाला_जालना

राजूभाऊ, हरभऱ्याचं मास्तरांनी अर्धं सांगितलंच. पिकाला 'जाणवतं' नसतं. तुम्ही ज्या रात्री वाऱ्याला घाबरताय, त्या रात्री पीक त्यातल्या त्यात सुरक्षित आहे. वारा पडला, आभाळ स्वच्छ, आणि पारा ४ च्या खाली जायला लागला, की जागं राहा. तापमापक माणसाच्या छातीच्या उंचीवर असतो, जमिनीलगत त्याहून कमी असतं. आम्ही अशा रात्री बागेला पाणी देतो, विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. पहाटे बांधाला काडीकचऱ्याचा धूर करतो. फुलातल्या हरभऱ्याला पाणी हलकंच, आणि जमीन भारी असेल तर विचार करून.

पशुवैद्य_लातूरकडचा

मी शेळ्यांचंच बोलतो. चेहऱ्यावरचं सूत्र शेळीला तंतोतंत लागू नाही, तिच्या अंगावर केस आहेत. मोठी, पोट भरलेली शेळी ८ अंश सहज काढते. रात्री कडबा, तुरीचं भुसकट पोटभर टाका. चारा पोटात कुजताना ऊब तयार होते, तीच तिची शेकोटी.

खरा जीव धोक्यात असतो तो नुकत्याच जन्मलेल्या करडाचा. अंग ओलं, आकार बारका, चरबी नाही, वरून वारा. मास्तरांचे दोन्ही नियम, वारा ऊब पळवतो आणि ओलं अंग वाळताना गार होतं, एकाच वेळी त्याच्यावर चालतात. व्यायल्याबरोबर कोरड्या गोणपाटानं खसाखसा पुसून काढा, शेळीला चाटू द्या, आणि तासाभरात चीक पाजा. करडू थरथरतंय म्हणजे अजून लढतंय. थरथर थांबून मलूल पडलं, तोंडात बोट घातलं आणि आतून गार लागलं, तर ऊब द्या आणि डॉक्टरला फोन करा. गार पडलेल्या करडाला जबरदस्तीनं दूध पाजू नका, फुफ्फुसात जातं.

ताडपत्री उत्तरेच्या अंगानं, जमिनीपासून शेळीच्या डोक्याच्या थोडं वर येईल इतकीच. वर हातभर फट सोडा. सगळं बंद केलं की मुताचा वास कोंडतो आणि थंडी परवडली पण खोकला नको, अशी वेळ येते.

वाडीवरचा_राजू

खूप आभार. तात्यांना बशीचा प्रयोग दाखवला. म्हणे, "चहाचं ठीक आहे, पण सकाळी ट्रॅक्टर चालू कामून होत नाही मग?"

मास्तर_अंबाजोगाई

कारण बॅटरी आणि इंजिन ऑइल ८ अंशांना मंदावलेलं असतं. वारा असो नसो, पहाटेपर्यंत इंजिन तिथंच पोचतं. ताडपत्रीनं फार तर तासा-दोन तासांनी उशिरा. डिझेल गोठायला लडाखची थंडी लागते. बॅटरी जुनी असेल तर ती तपासा, टर्मिनलवरची पांढरी भुकटी पुसा.

उलट तात्यांना विचारा, पहाटे आठ अंशांत गाडी ५० च्या वेगानं पळवली की तोंडाला किती लागतं? सूत्रानं २-३ अंश. मफलर तिथं बांधायचा, ट्रॅक्टरला नाही.

शेळीवाली_ताई (औसा)

राजूभाऊ, गोणपाट लावणार असाल तर बाहेरच्या अंगानं लावा आणि आतून तट्ट्या किंवा जाळी ठोका. आमच्या शेळ्यांनी पडदा दोन रात्रींत खाऊन टाकला.