हौद्यात सापडलेला नट कुणाचा? अनुभव लिहा

पावसाळ्याआधी पिकअपचा हौदा धुवायला काढला की खिळे, वायसर, सुतळीचे तुकडे असं बरंच काही निघतं. बहुतेक भंगारच. पण मध्येच एखादा दणकट बोल्ट हाताला लागतो आणि पोटात गोळा येतो, हा गाडीचाच तर नाही? तुम्हाला काय सापडलं आणि ते नेमकं कुठलं निघालं, सविस्तर लिहा.

देवगड
आमच्याकडे आंब्याचा सीझन संपला की हौद्यात पेट्यांचे खिळेच खिळे. शेजाऱ्याने आपला हौदा झाडला तो थेट पाणंदीत. वाडीतल्या निम्म्या बाईक पंक्चर! दुसऱ्या दिवसापासून झाडूसोबत जुन्या स्पीकरचं लोहचुंबक घेऊन फिरतोय बिचारा.

राजापूर
आम्ही चिरा वाहतो. खाली करताना मागच्या चाकाशी चॅसीवर एक मोठा नट अडकलेला दिसला. बाहेरून जांभ्याची लाल धूळ, पण आतले आटे चकचकीत. आटे गंजलेले असते तर जुना कुठलातरी म्हणून सोडून दिला असता. चकचकीत म्हणजे नुकताच निघालेला. खाली वाकून बघितलं तर पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या), म्हणजे पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणाऱ्या यू बोल्टचा. पाटे नवीनच बसवलेले होते. नवीन पाती ओझ्याखाली एकमेकांवर बसतात, तेवढाच यू बोल्ट ढिला पडतो, म्हणून थोडी गाडी चालली की नट परत आवळायचे असतात. ते कुणी सांगितलंच नव्हतं. तसंच चालवत राहिलो असतो तर सगळा ताण सेंटर बोल्टवर (पाती मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टवर) येऊन तो तुटला असता, आणि अ‍ॅक्सल सरकून गाडी कुर्लीसारखी तिरकी चालली असती. अणुस्कुरा घाटात, भरल्या गाडीने! नट सापडला तिथेच गाडी उभी केली, मेकॅनिकला जागेवर बोलावलं.

मिरकरवाडा
मासळीच्या गाडीत नट सापडत नाही, नुसता गंजाचा चुरा सापडतो. बर्फाचं खारं पाणी फाळक्याच्या बिजागऱ्या खातं. एकाने स्टेनलेसचे बोल्ट घालून बघितले. बोल्ट तसेच राहिले, भोवतालचा पत्राच आधी गेला. रोज गोड्या पाण्याने धुणं, वर ग्रीस. दुसरा उपाय नाही.

मालवण
आमचो बापूस सापडलेलो एकय नट फेकणा नाय. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवता. गणपतीत माटवी (गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची चौकट) टांगूक हूक व्हयो झालो की सगळी वाडी त्याच डब्याकडे.

चिपळूण
नट नाही, पण लिहितो. सर्व्हिसिंगनंतर बॉनेटमधून खडखड यायची. बॅटरीच्या ट्रेखाली 10 नंबरची गोटी (पान्याचा सॉकेट) निघाली, गॅरेजवाल्याचीच. परत द्यायला गेलो तर म्हणाला, "किती दिवस शोधतोय हिला!" आणि खडखड बघायला म्हणून बॉनेट उघडलं होतं, त्याचे पैसे मात्र लावलेच.