मदत हवी आहे: 'फेस' या विमान-सॉफ्टवेअर मानकाच्या प्रमाणपत्राचा खर्च एसबीआयआर या सरकारी योजनेत बसतो का?

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या हंट्सव्हिलमधल्या आमच्या छोट्या कंपनीत लष्करी हेलिकॉप्टरसाठी सॉफ्टवेअर लिहितो. 'फेस' मानकात बसणारा घटक एका विमानातून उचलून दुसऱ्यात टाकता यावा, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. अमेरिकेत २०१९ पासून मोठ्या संरक्षण प्रकल्पांना अशी खुली, सुट्या भागांची रचना कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे मागणी आहे. पैशाचं गणित मात्र जुळत नाही. एसबीआयआर ही छोट्या कंपन्यांच्या संशोधनाला पैसे देणारी अमेरिकी सरकारी योजना, पण तिचा निधी पहिल्या दोन टप्प्यांपुरताच; तिसऱ्यात, म्हणजे उत्पादन विकायच्या वेळी, त्या योजनेतून छदामही नाही, गिऱ्हाईक तुम्हीच शोधा! त्यात 'फेस' प्रमाणपत्रासाठी स्वतंत्र तपासणी संस्थेची फी वेगळी.

ही फी दुसऱ्या टप्प्याच्या अंदाजपत्रकात कुणी दाखवली आहे का? मंजूर झाली? आणि मोठ्या कंत्राटदाराशी करार करताना एसबीआयआरमधून मिळणारे २० वर्षांचे डेटा-हक्क (म्हणजे आपलं सॉफ्टवेअर सरकारने इतरांना उघड न करण्याचं संरक्षण) कसे सांभाळलेत?