गुप्तचर यंत्रणांवर त्रैमासिक काढायचे आहे, कागद मिळवायचे कुठून?

फोंडा_वाचक
आम्ही चौघे 64 पानी मराठी त्रैमासिक काढतोय. विषय एकच: गुप्तचर यंत्रणा आणि राजकारणातला त्यांचा पडद्याआडचा हात. पहिला अंक पोर्तुगीज अमदानीतल्या पीआयडीई या राजकीय पोलीस दलावर, दुसरा आजच्या यंत्रणांवर. माहिती अधिकारात अर्ज टाकला की ‘कलम 24’ (गुप्तचर यंत्रणांना या कायद्यातून सूट देणारे) एवढेच उत्तर येते म्हणतात. मग सुरुवात कुठून करायची? आणि ‘गोपनीय’ शिक्क्याचा कागद कुणी आणून दिला तर?

कागदांचा_माग
यंत्रणेच्या दाराशी जाऊ नका, पैशाच्या वाटेने जा. ‘रॅम्पार्ट्स’ या अमेरिकी मासिकाने 1967 मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेला सीआयएचा पैसा मिळत होता हे उघड केले. आतला माणूस बोलला होता हे खरे, पण मागे कागदांचा आधारही होता. 1964 मध्येच अमेरिकी खासदार राइट पॅटमन यांनी देणग्या देणाऱ्या आठ निधींची नावे जाहीर केली होती. सीआयएचा पैसा त्यांच्यातून जे. एम. कॅप्लन फंड या धर्मादाय निधीत जायचा. कुणाकडून आले आणि कुणाला गेले, असे दोन रकाने आखा. आलेली आणि पुढे दिलेली रक्कम जवळपास सारखी आणि संस्थेचे स्वतःचे काम शून्य असेल, तर ती नुसती नळी आहे.

आपल्याकडे कंपन्यांची कागदपत्रे कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर 100 रुपयांत तीन तास पाहता येतात. राजकीय पक्षांना 20,000 रुपयांवरच्या देणग्यांचा हिशेब निवडणूक आयोगाला द्यावा लागतो. परदेशी देणग्यांची विवरणपत्रे मात्र 2022 मध्ये गृहमंत्रालयाने संकेतस्थळावरून काढली, तेव्हा त्या त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ताळेबंद शोधा.

एक जपा. मुंबईचे ‘क्वेस्ट’ हे इंग्रजी नियतकालिक 1955 मध्ये निघाले, निस्सीम इझिकेल त्याचे पहिले संपादक. त्याच्यामागे असलेल्या ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ या आंतरराष्ट्रीय संस्थेला सीआयएचा पैसा होता, हे पुढे 1966-67 मध्ये बाहेर आले. म्हणून त्यात लिहिणारा प्रत्येक जण हस्तक ठरत नाही. पैसा पोचला हे एक वाक्य, त्याला ते ठाऊक होते हे दुसरे. दोन्हींना वेगळा पुरावा लागतो.

कलमबहाद्दर
कलम 24 हे पूर्ण कुलूप नाही. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांची माहिती त्यातून वगळलेली आहे. हक्कभंगाच्या बाबतीत केंद्रीय माहिती आयोगाची मंजुरी लागते आणि मुदत 45 दिवसांची. म्हणून अर्जात पहिल्याच ओळीत आरोप काय, तारीख काय, ठिकाण कोणते ते लिहा. ‘सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज हमखास फेटाळला जातो. केंद्राकडे शुल्क 10 रुपये, पहिले अपील 30 दिवसांत, दुसरे 90 दिवसांत. 20 वर्षांपूर्वीच्या घटनेसाठी कलम 8(3) मांडा, म्हणजे कलम 8 मधली माहिती नाकारण्याची बरीचशी कारणे गळून पडतात. कलम 24 मात्र त्याने सुटत नाही, म्हणून अर्ज यंत्रणेला न करता गृह, वित्त किंवा बांधकाम खात्याला करा. जागेचे भाडे, वाहने, निविदा यांचे कागद तिथे असतात.

शिक्क्याच्या कागदाबद्दल: 1923 च्या शासकीय गुपिते कायद्याच्या कलम 5 मध्ये असा कागद जाणूनबुजून स्वीकारणे हाही गुन्हा आहे. 2002 मध्ये इफ्तिखार गिलानी या पत्रकाराला याच कायद्याखाली अटक झाली, सात महिने ते तुरुंगात राहिले. कागद आधीच उघड प्रकाशित झालेला होता, शेवटी सरकारने खटला मागे घेतला. तेव्हा हात लावण्याआधी वकील. व्हॉट्सअॅपवर फोटो फिरवू नका. आणि पीडीएफवर नुसती काळी पट्टी ओढून नाव झाकू नका, खालचा मजकूर कॉपी करता येतो. ते पान छापून, काळे करून, पुन्हा स्कॅन करा.

पणजी_दफ्तर
पहिल्या अंकाबद्दल, फोंडाबाब. पीआयडीईचे दफ्तर लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो अभिलेखागारात आहे. 1969 मध्ये पीआयडीईचे नाव डीजीएस झाले, म्हणून सूचीत दोन्ही नावे एकत्र येतात. सूची घरबसल्या चाळता येते. नुसते ‘गोवा’ टाकून भागत नाही, ‘एस्तादो दा इंडिया’ (पोर्तुगीज भारताचे अधिकृत नाव) हेही टाका. अडतात ती आडनावे, कारण स्पेलिंग पोर्तुगीज असते. ‘नाईक’ शोधताना शेवटी क्यू-यू-ई, ‘काकोडकर’मधल्या तिन्ही ‘क’च्या जागी सी, ‘श’च्या जागी एक्स, आणि शेणवी म्हणजे ‘सिनाय’. एकेका माणसासाठी चार-पाच रूपे करून बघा, नाहीतर फाईल असून नसल्यासारखी.

खबऱ्याचा अहवाल म्हणजे घडलेली घटना नव्हे. त्याला काहीतरी कळवायचेच असायचे, ऐकीव गोष्टही तो डोळ्यांनी पाहिल्यासारखी लिहायचा. तारीख आणि गाव त्या काळच्या वर्तमानपत्रांशी आणि पणजीच्या पुराभिलेखांशी ताडून मगच छापा.

कासिमिरो मोंतेरो या पोर्तुगीज पोलिसाला पहिल्या अंकात जागा द्याच. गोव्यात ज्याच्या नावाची दहशत होती, तोच 1965 मध्ये पीआयडीईने केलेल्या उंबेर्तु देल्गादु यांच्या खुनात होता. देल्गादु हे 1958 मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या उमेदवाराविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिलेले. पोर्तुगीज न्यायालयाने मोंतेरोला पुढे त्याच्या गैरहजेरीत दोषी ठरवले. गोव्यातल्या फाईली आणि देल्गादु खटल्याचे कागद शेजारी ठेवून वाचा.

फोंडा_वाचक
आभार. उद्याच आडनावांची यादी करतो. नोंदणीचे काय?

कलमबहाद्दर
मार्च 2024 पासून नवा कायदा आहे, सगळे ‘प्रेस सेवा’ पोर्टलवरून होते. शीर्षकाचे पर्याय दोन-तीन तरी तयार ठेवा. आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला छपाईच्या निदान आठ दिवस आधी लेखी प्रश्न पाठवा, पोचपावती जपून ठेवा. बदनामीचा खटला झालाच तर कोर्टात ती पहिली मागतील.